पंचनामा पाण्याखालून सुरू व्हावा

धायरी फाट्यावरून खडकवासल्याकडे निघाले की पुढचा रस्ता पाण्याच्या संगतीनेच जातो. आधी मुठेचा उजवा कालवा, मग धरणाची भिंत, चौपाटीवरची कणसा-भज्यांची गर्दी, आणि त्यापुढे गोऱ्हे, खानापूर, मालखेड करत पार पानशेत-वरसगावपर्यंत फुगवट्याचे पाणी. धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत आली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली वस्ती वाढत होती, आणि आता पावसाळ्यातल्या रविवारी पानशेतच्या दिशेने चारचाकींची जी रांग लागते तिच्यात आपल्या शेजारपाजारची माणसे हमखास असतात. रस्ता अरुंद, वळणे आंधळी, आणि काही ठिकाणी डांबराची कड व पाणी यांच्यामध्ये नुसता उतार.

या रस्त्यावर, किंवा भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरा देवघरच्या काठावर, गाडी पाण्यात गेल्याची बातमी अधूनमधून येते. तिची मांडणी ठरलेली असते. चालकाचे नियंत्रण सुटले, गाडी धरणात कोसळली, स्थानिक तरुणांनी व अग्निशमन दलाने मृतदेह बाहेर काढले, क्रेनने गाडी काढली, पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. पुढे कधीतरी शवविच्छेदनाचा अहवाल येतो आणि त्यात मृत्यूचे कारण लिहिलेले असते: बुडून. कागद जोडले जातात, फाईल मिटते.

माझे म्हणणे असे आहे की वाहनासह पाण्यात गेलेल्या माणसाच्या मृत्यूचा तपास आपल्याकडे नेमका तिथे थांबतो, जिथे तो सुरू व्हायला हवा. श्वास पाण्याने बंद झाला हे शेवटचे कारण झाले. गाडी रस्ता सोडून गेली का, पाण्यात पडल्यावर माणूस शुद्धीवर होता का, त्याला बाहेर का पडता आले नाही, तो किती वेळ जिवंत होता, तेवढ्या वेळात मदत पोहोचू शकली असती का, या प्रश्नांची उत्तरे देह, वाहन, पाणी आणि रस्ता या चौघांत विभागलेली असतात. आपण ती चार ठिकाणी पाठवतो आणि पुन्हा एकत्र आणत नाही. देह शवागारात जातो, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडते, पाण्याचा नमुना बहुधा कोणी घेतच नाही, आणि रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी वाहता होतो.

आधी देहाचे. बुडून मृत्यू हे निदान बाहेरच्या माणसाला वाटते तितके सरळ नाही. पाण्यात सापडलेला प्रत्येक मृतदेह बुडून मेलेल्याचा नसतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू असताना डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत तिघे जण पुराच्या पाण्यात गेले. त्यांचा जीव घेतला तो विजेच्या धक्क्याने. गाडीच्या बाबतीत शक्यता आणखी वाढतात. चालकाला गाडी चालवतानाच हृदयविकाराचा झटका आला असेल. अपस्माराचा झटका आला असेल. उतारावरून आपटताना मान मोडली असेल, डोक्याला मार लागून शुद्ध हरपली असेल. एखादे वेळी तो आधीच मारला गेलेला असेल आणि गाडी ढकलून दिलेली असेल.

म्हणून न्यायवैद्यकाचा डॉक्टर बुडण्याचे निदान एका खुणेवर करत नाही. नाकातोंडाशी येणारा बारीक, पांढरा, पुसला तरी पुन्हा येणारा फेस. फुगून एकमेकांवर चढलेली फुप्फुसे. पोटात गेलेले पाणी व चिखल. मुठीत घट्ट आवळलेले गवत किंवा गाळ. यातल्या आवळलेल्या मुठीचे वजन फार मोठे, कारण जिवंत माणूसच अशी मूठ आवळतो. त्याउलट तळव्यांच्या कातडीला पडलेल्या सुरकुत्या फक्त देह पाण्यात होता एवढेच सांगतात, तो जिवंतपणी पाण्यात गेला की मेल्यावर, हे सांगत नाहीत. देह पाण्यात पालथा तरंगतो, डोके खाली झुकते आणि तळाशी घासून कपाळावर, हाताच्या पाठीवर, गुडघ्यांवर खरचटते. या मरणोत्तर खुणा झटापटीच्या समजल्या तर निरपराध माणूस संशयित ठरतो. आणि खऱ्या जखमा तळाशी घासल्याच्या समजल्या तर गुन्हेगार सुटतो. देह कुजू लागला की यातल्या बऱ्याच खुणा विरून जातात. आपल्या उन्हाळ्यात त्याला फार वेळ लागत नाही.

पण गाडीतल्या मृत्यूत देह एकट्याने बोलत नाही. छातीवरून तिरका गेलेला पट्ट्याचा वळ माणूस कोणत्या बाजूच्या सीटवर होता ते सांगतो. पुढच्या सीटवर बसलेली व्यक्ती मागच्या बाजूला, छताशी तोंड नेलेल्या अवस्थेत सापडली, तर ती शुद्धीवर होती आणि उरलेल्या हवेकडे सरकत गेली, असा अर्थ निघू शकतो. नखे तुटलेली असतील तर कशावर? दाराच्या आतल्या अस्तरावर त्याच खुणा आहेत का? गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, काचा किती खाली होत्या, दारे आतून लॉक होती का, एअरबॅग उघडली का, सीटबेल्टच्या पट्टीवर झटक्याचा ताण पडल्याची खूण आहे का? जुन्या पद्धतीच्या दिव्यांत तर फिलामेंट कसे वाकले आहे यावरून आदळताना दिवा चालू होता की बंद, हेही कळते. ही सगळी साक्ष क्रेनचा हूक लागेपर्यंतच शाबूत असते. गाडी ओढताना काचा फुटतात, दारे उघडतात, पाण्याच्या लोंढ्याबरोबर आतल्या वस्तू जागा सोडतात. बाहेर आल्यावर कोणीतरी सहज हात घालून गिअर न्यूट्रलला आणतो. वाईट हेतूने नाही, गाडी ढकलता यावी म्हणून.

पाण्यात पडलेली गाडी लगेच बुडत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेश्ट यांनी माणसे आत बसवून गाड्या पाण्यात सोडल्या आणि दाखवले की गाडी साधारण अर्धा ते दोन मिनिटे तरंगते. सुटकेची खरी संधी तेवढीच. पट्टा सोडायचा, काच उघडायची किंवा फोडायची, मुलांना आधी बाहेर काढायचे आणि निघायचे. दार उघडण्याच्या नादी लागायचे नाही, कारण बाहेर दाराच्या एक मीटर उंचीपर्यंत पाणी चढलेले आणि आत कोरडे असेल, तर एक मीटर रुंदीच्या दारावर जवळपास ५०० किलोचा भार येतो. हे माहीत असलेला तपासनीस गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. सगळ्या काचा बंद, पट्टे लावलेले आणि डोक्याला जखम नाही, असे दिसले तर त्या दोन मिनिटांत आत काय घडले, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. विजेवरच्या काचा अडकल्या का, मागच्या दाराचे मुलांसाठीचे लॉक लावलेले होते का, हे त्याला पाहावेच लागते.

हे प्रश्न न विचारल्याने काय होते, याचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण १९६९ चे आहे. १८ जुलैच्या रात्री अमेरिकेतल्या चॅपाक्विडिक बेटावर सिनेटर एडवर्ड केनेडी यांची गाडी कठडा नसलेल्या लाकडी पुलावरून पाण्यात उलटी पडली. ते बाहेर पडले. सोबतची मेरी जो कोपेक्नी आत राहिली. पोलिसांना कळवायला त्यांनी सुमारे दहा तास घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी देह बाहेर काढणारे पाणबुडे जॉन फरार यांनी सांगितले की ती ज्या स्थितीत सापडली त्यावरून ती गाडीत अडकलेल्या हवेवर काही काळ जगली असावी आणि वेळेवर हाक गेली असती तर वाचवता आले असते. पण तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने वरवर पाहून बुडून मृत्यू ठरवला होता, शवविच्छेदन झालेच नाही, आणि पुढे देह उकरून तपासण्याची सरकारी वकिलांची मागणी न्यायालयाने फेटाळली. ती बुडून गेली की हवा संपून घुसमटून गेली, हा त्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता, कारण उशिराची जबाबदारी त्याच्यावर अवलंबून होती. त्याचे उत्तर आता कधीही मिळणार नाही. बुडून मृत्यू हा शेरा खोटा असेलच असे नाही. पण तो लिहिला गेल्यामुळे पुढचे पाहायची गरज कोणाला उरली नाही.

आपल्याकडे हा शेरा कोणत्या कायद्याखाली लिहिला जातो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते कलम १७४. पोलिसाने जागेवर जायचे, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करायचा, जखमा लिहायच्या, मृत्यूचे दिसणारे कारण लिहायचे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवायचा. हवालदार हे सगळे काठावर करतो, कारण तो तिथे पोहोचतो तोवर देह काठावर आलेला असतो. नव्या संहितेने न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे सक्तीचे करण्याची तरतूद केली, ती स्वागतार्हच आहे. पण ती सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत होण्याचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. आणि नुसत्या अकस्मात मृत्यूत तर गुन्हाच नोंदलेला नसतो. म्हणजे ज्या मृत्यूत गुन्हा आहे की नाही हेच तज्ज्ञाने ठरवायचे, तिथे तज्ज्ञ पाठवण्याचे बंधन नाही. ही उलटी रचना बदलली पाहिजे, आणि त्यासाठी संसदेत जायची गरज नाही. वाहनासह पाण्यात झालेल्या प्रत्येक मृत्यूत न्यायवैज्ञानिक पथक बोलवावे, असे परिपत्रक राज्याचा गृहविभाग काढू शकतो. पुण्यात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. पानशेत काही गडचिरोलीच्या टोकाला नाही.

पथकाने पहिली गोष्ट करायची ती पाण्याखाली. शेवटचा जिवंत माणूस बाहेर निघाला किंवा कोणी जिवंत असण्याची आशा संपली, की घाई थांबली पाहिजे. पाणबुड्याच्या डोक्यावर कॅमेरा हवा. गाडी कशी पडली आहे, काचा-दारे कशी आहेत, कोण कुठे आहे, याचे चित्रण झाल्याशिवाय देह हलवू नयेत आणि देह हलवल्याशिवाय क्रेन लावू नये. कॅमेऱ्याची किंमत आता अडचण उरलेली नाही. अडचण सवयीची आहे. खडकवासला-पानशेत पट्ट्यात बुडालेल्यांना काढायला धावणारे तरुण जीव धोक्यात घालतात. त्यांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण दिले तरी ते उत्तम पुरावा आणतील. पाण्याखाली डोळ्यांनी पाहणारे तेच असतात आणि पंचनाम्यात त्यांचा जबाब सहसा दोन ओळींचा असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्यात डायाटम नावाचे सूक्ष्म शैवाल असते, त्याचे कवच सिलिकाचे. जिवंत माणूस पाणी ओढतो तेव्हा हे कण फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोहोचतात. हृदय थांबलेले असेल तर पोहोचत नाहीत. म्हणून मांडीच्या हाडातला मगज आम्लाने विरघळवून त्यात डायाटम शोधतात आणि घटनास्थळाच्या पाण्यातल्या डायाटमशी जुळवतात. परीक्षा निर्दोष नाही. प्रयोगशाळेच्या पाण्यातून, भांड्यांतूनही हे कण शिरू शकतात, आणि खरोखर बुडालेल्या माणसाच्या मगजात ते सापडले नाहीत असेही होते. तरी देह कुजलेला असताना हाताशी उरणाऱ्या थोड्या साधनांतले ते एक आहे, आणि घटनास्थळाचा नमुना नसेल तर ते निम्मे निकामी होते. खडकवासल्याचे साठलेले पाणी, कालव्याचे वाहते पाणी आणि विठ्ठलवाडीजवळ सांडपाणी मिसळलेली मुठा, तिघांचा उगम एक असला तरी त्यांतले जीव सारखे नसतात. पावसाळ्यात ते आणखी बदलतात. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत पश्चिम घाटातल्या डायाटमचा अभ्यास चालतो. त्या अभ्यासकांनी आणि न्यायसहायक प्रयोगशाळेने मिळून पानशेत, वरसगाव, खडकवासला, कालवा आणि मुठा यांची ऋतुवार नोंदवही केली तर धरणात बुडालेला आणि नदीत टाकलेला हे वेगळे ओळखता येईल. पुण्याइतकी सोय महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्या शहराला असेल?

यावर आक्षेप घेतले जातात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप घरच्यांचा. ज्यांनी काठावर बसून रात्र काढली त्यांना देह हवा असतो, लवकर हवा असतो. त्यांना आणखी दोन तास थांबा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मला हा आक्षेप सर्वांत जड वाटतो. पण वेळ जिथे खरोखर वाया जातो ती जागा दुसरी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी दिली. खून, आत्महत्या, कुजलेला देह किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे त्यातून सामान्यतः वगळली आहेत, पण बाकीच्या ठिकाणी ती सोय वापरली तर पाण्याखालचे दोन तास शवागाराच्या दारात भरून निघतील. दुसरा आक्षेप असा की मेलेला माणूस परत येत नाही, मग एवढे कशाला?

त्याचे उत्तर मला पैशांत द्यावे लागते, आणि ते द्यायला मला संकोच नाही. गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे आहे. चालक दारूच्या अमलाखाली असेल तर ते मिळत नाही. आता समजा देह तीन दिवसांनी सापडला. कुजण्याच्या क्रियेत सूक्ष्मजीव देहातच अल्कोहोल तयार करतात. दारूला न शिवलेल्या माणसाच्या रक्ताचा नमुनाही मग मोटार वाहन कायद्यातली १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू शकतो. डोळ्यातला द्रव आणि लघवी इतक्या लवकर बिघडत नाहीत. ते नमुने घेतले आणि सोडियम फ्लोराइड घालून ठेवले, तर खरे काय ते कळू शकते. नाही घेतले, तर एखादी विधवा आयुष्यभर पिऊन गाडी चालवणाऱ्याची बायको म्हणून जगते आणि दावाही हरते. उलट बाजूनेही बघा. चालकाला आधी हृदयविकाराचा झटका आला होता हे सिद्ध झाले तर त्याच्यावरचा बेदरकारपणाचा ठपका जातो. मागे बसलेल्यांच्या वारसांचा दावा कोणत्या कलमाखाली चालवायचा हेही त्यावर ठरते. चांगले शवविच्छेदन ही जिवंतांची सेवा आहे.

आणि रस्त्याचे काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल उतरले. क्रेनला ३०० किलोचे चुंबक बांधून तळ चाचपला गेला. काही देह खाडीतून वाहत दूरच्या किनाऱ्यांना लागले. त्या पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि तो सुरक्षित ठरला होता, असे सरकारनेच सांगितले होते. नवा पूल विक्रमी १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. त्या वेगाचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण महाडला बुडणे हे कारण नव्हते. तो परिणाम होता. कारण पुलाच्या पायाशी होते. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी पुण्याकडच्या कुटुंबांची मिनीबस कोल्हापूरच्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली, तेरा जण गेले. शेजारी पर्यायी पूल पुरातत्त्व कायद्याच्या परवानगीत अडकून अर्धवट उभा होता. त्या तेरांपैकी किती जण आघाताने गेले आणि किती जण पाण्याने, याला कठड्याच्या उंचीइतकेच महत्त्व आहे. आघाताने गेले असतील तर कठडा मजबूत हवा. पाण्याने गेले असतील तर कठड्याबरोबर पुलाजवळ बोट, दोर आणि उजेडही हवा.

हे ज्ञान साठत नाही, कारण ते मोजलेच जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात रस्ते अपघात हा एक रकाना आणि बुडणे हा दुसरा. गाडीसह बुडालेला माणूस एका रकान्यात गेला की दुसऱ्यातून नाहीसा होतो. रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्यांना तो पाण्याचा बळी वाटतो, बुडण्याच्या प्रतिबंधावर काम करणाऱ्यांना रस्त्याचा. आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांनी उभारलेली अपघात नोंदीची आयरॅड प्रणाली सुरुवातीपासून महाराष्ट्रात राबवली गेली आहे. अपघाताची नेमकी जागा आणि छायाचित्रे तिच्यात नोंदवता येतात. तिच्यात मृत्यूचे शवविच्छेदनातले कारण, वाहन पाण्यात किती खोल होते, काचा-दारांची स्थिती आणि कठड्याची अवस्था या नोंदी सक्तीच्या केल्या, तर पाच पावसाळ्यांत महाराष्ट्रातले प्रत्येक घातक वळण नकाशावर येईल.

नकाशावर आलेले वळण कोणाच्या तरी टेबलावरही आले पाहिजे. आज शवविच्छेदनाचा अहवाल पोलिसांकडे जातो, पोलिसांचा दंडाधिकाऱ्यांकडे, विम्याचा दावा न्यायाधिकरणाकडे, आणि रस्त्याची देखभाल करणाऱ्या अभियंत्याकडे काहीच जात नाही. तो वर्तमानपत्रात वाचतो. अशा प्रत्येक मृत्यूचा एकत्रित अहवाल, म्हणजे पाण्याखालचे चित्रण, वाहनाची तपासणी, डॉक्टरांचे निष्कर्ष आणि रस्त्याचे मोजमाप, त्या रस्त्याच्या कार्यकारी अभियंत्याला आणि धरणाच्या काठाचा प्रश्न असेल तर जलसंपदा विभागालाही पाठवावा. आणि त्या जागी आपण काय करणार आहोत, किंवा काहीच का करणार नाही, हे त्यांनी ठरलेल्या मुदतीत सहीनिशी लिहून द्यावे. ते उत्तर मृताच्या घरी जावे, आणि खानापूरच्या किंवा मालखेडच्या ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागावे.